नुसतं "छान आहे सर" नको



वीस वर्षं मुलांचे निबंध तपासले. गेल्या जूनपासून स्वतःच मुलांसाठी निबंध लिहायला लागलो, तेव्हा कळलं की आपलं लिखाण दुसऱ्याच्या हातात देताना पोटात कसा गोळा येतो! पहिला विषय घेतला 'पावसाळा'. वर्गात नेण्याआधी चार जणांना दाखवावा म्हटलं.

बायकोने भाजी निवडता निवडता ऐकला आणि म्हणाली, "छान आहे." शेजारचे काका म्हणाले, "वा सर!" स्टाफरूममध्ये मराठीच्या मॅडमनी लाल पेन काढला. मी दोन ठिकाणी 'आणी' लिहिलं होतं. शब्दाच्या शेवटचा इकार दीर्घ लिहायचा, हा नियम हाताला इतका बसलाय की 'आणि' व 'नि' हे त्याला अपवाद आहेत, हे दरवर्षी शिकवूनही लिहिताना सुटलं. मॅडमचे उपकारच आहेत. पण निबंध कसा झालाय, हे त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

मग सहावीच्या वर्गात वाचला. मृग लागताच कोसळणाऱ्या सरी, दुथडी भरून वाहणारे ओढे, धरणीमातेने नेसलेला हिरवा शालू, सगळं होतं. मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. "सर, हा पाऊस कुठला?"

वर्ग हसला. खरं सांगतो, मला रागच आला. "अगं, निबंधात असंच लिहितात," असं म्हणूनही गेलो. आमची शाळा सोलापूर जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यात. इथं जून-जुलैत आभाळाकडे बघत बसायचं. मोठा पाऊस येतो तो उत्तरा-हस्तात, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, आणि त्याच्या ओलीवर रब्बीची ज्वारी उभी राहते. मी इथंच नोकरी करतो, इथलंच पाणी पितो, आणि निबंधात मात्र कोकणातला पाऊस पाडला होता. तोही पाहिलेला नाही, गाइडमध्ये वाचलेला!

पण खरी चपराक पुढे आहे. त्याच मुलीची पाचवीची वही कपाटात सापडली. तिनेही 'पावसाळा' लिहिला होता. तोच शालू, तेच ओढे. खाली माझ्याच अक्षरात १० पैकी ८ गुण आणि शेरा: 'छान'. म्हणजे तिला खोटा पाऊस लिहायला मीच शिकवलं होतं.

तेव्हापासून मी "कसं वाटलं?" हा प्रश्न सोडून दिला. त्याला समोरचा माणूस भिडेपोटी दुसरं उत्तर देणार तरी काय? आता विचारतो, वाचताना कुठे कंटाळा आला? कोणतं वाक्य दोनदा वाचावं लागलं? कुठली गोष्ट पटली नाही? मग लोक बोलतात हो! बायकोने सांगितलं, "तिसऱ्या परिच्छेदाला मी चहा ठेवायला उठले होते." तो परिच्छेद मी काढून टाकला. आणि उत्तर ऐकताना गप्प बसायचं, हे सगळ्यात अवघड. आम्हा शिक्षकांना तर फारच.

पालकहो, मूल निबंध दाखवायला येतं तेव्हा आपण काय बघतो? अक्षर. फार तर ह्रस्व-दीर्घ. ते बघायलाच हवं, पण शेवटी. आधी एकदा विचारा, "हे तू पाहिलंस का रे?" मूल थोडं गोंधळेल. कदाचित खरी हकिकत सांगायला लागेल, ती निबंधात कुठेच नसेल. तेच लिही म्हणावं. तज्ज्ञाला दाखवावंच, मात्र ज्याच्यासाठी लिहिलं त्यालाही एकदा ऐकवावं, असं माझं आता मत झालं आहे. माझ्या निबंधातली खरी चूक अकरा वर्षांच्या पोरीने काढली.

'पावसाळा' पुन्हा लिहिला. त्यात जुलैमधला टँकर आला, पाण्याच्या घागरींची रांग आली, हस्ताच्या पावसात भिजलेली ज्वारीची पेरणी आली. परवा मधल्या सुट्टीत त्या मुलीला वाचून दाखवला आणि या वेळी नीट विचारलं, "यात काय खोटं वाटतंय?"

तिने थोडा विचार केला. "टँकरचं बरोबर आहे सर. पण टँकर आल्यावर बायकांची भांडणं होतात, ते लिहिलं नाही तुम्ही."

ते लिहायचं राहिलंय अजून.