सांधे कष्टकऱ्यांचे, विद्या कोणाची?

आमवात, म्हणजे डॉक्टरांच्या भाषेत रूमॅटॉइड आर्थ्रायटिस, गरीब-श्रीमंत पाहून होत नाही. शरीराची संरक्षक यंत्रणाच स्वतःच्या सांध्यांवर उलटते. पुरुषांपेक्षा स्त्रियांना तो दोन-तीन पटीने अधिक होतो. पण त्याची शिक्षा सर्वांना सारखी नसते. कचेरीतल्या बाबूची बोटे आखडली तर तो रजा टाकतो. खुरपणीला जाणाऱ्या, विड्या वळणाऱ्या, कचरा वेचणाऱ्या आमच्या मायबहिणीची बोटे आखडली तर तिची चूल विझते.

हे शहरी लोकांचे दुखणे आहे, असे कोणी समजू नये. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे १९९६ साली डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पथकाने घरोघर पाहणी सुरू केली. चार हजारांहून अधिक प्रौढांच्या त्या पाहणीत सांधे-स्नायूंच्या दुखण्याने मोठी जागा व्यापलेली दिसली. आमवाताचे रुग्णही सापडले. रुग्ण गावात आहेत, तज्ज्ञ मात्र बहुतांशी मोठ्या शहरांत. पहिल्या काही महिन्यांत योग्य औषध सुरू झाले तर सांधे वाचू शकतात. नेमके तेच महिने मलम, लेप आणि दुकानातून आणलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्यांत वाया जातात.

तज्ज्ञांची टंचाई अमेरिकेलाही आहे. तेथील सांधेविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ च्या मनुष्यबळ अभ्यासात अंदाज मांडला की, २०३० पर्यंत गरज पुरवठ्याच्या दुप्पट होईल. त्यावरचा एक उपाय म्हणून नर्स प्रॅक्टिशनर आणि फिजिशियन असिस्टंट यांना या शाखेचे खास शिक्षण देण्यात येते. सांधा कसा तपासावा, रक्ततपासणीचा अर्थ कसा लावावा, औषधाचे दुष्परिणाम कसे ओळखावेत, हे त्यांना शिकवले जाते. दोन्ही पेशांची सुरुवात तेथे १९६५ साली झाली: पहिला कोलोरॅडो विद्यापीठात, दुसरा ड्यूक विद्यापीठात. ड्यूकच्या पहिल्या तुकडीत नौदलात रुग्णसेवा केलेली माणसे होती. डॉक्टरकीची पदवी नसलेल्या अनुभवी हातांना तेथे विद्येचे दार उघडले.

आमच्याकडे असा विषय काढला की ओरड होते, 'गरिबांच्या माथी दुय्यम डॉक्टर मारणार काय?' सवाल रास्त आहे. सहा महिन्यांचे जुजबी प्रशिक्षण देऊन कंत्राटी माणसे खेड्यांत पाठवणार असाल तर आमचाही विरोधच राहील. पण नीट शिकवलेली परिचारिका दुय्यम नसते. ब्रिटनमधील दहा रुग्णालयांत झालेल्या आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, परिचारिकांनी सांभाळलेले आमवाताचे रुग्ण तज्ज्ञांनी सांभाळलेल्या रुग्णांपेक्षा मागे पडले नाहीत. मेथोट्रेक्सेट ही गोळी आमवातात आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. ती चुकून रोज घेतली तर जीव जाऊ शकतो. हे रुग्णाला त्याच्या भाषेत समजावणारे, यकृताची तपासणी वेळेवर करून घेणारे माणूस जिल्हा रुग्णालयात नको काय?

दारे अगदी बंद आहेत असेही नाही. भारतीय परिचर्या परिषदेने नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आणला, तो अतिदक्षता विभागासाठी. २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यवसाय कायद्याने फिजिशियन असोसिएटला स्थान दिले. सांधेविकारासाठी याच वाटेने पुढे जायला हवे.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत तज्ज्ञांच्या हाताखाली परिचारिकांना सांधेविकाराचे पूर्ण शिक्षण द्या. शुल्क शासनाने भरावे, राखीव जागा पूर्ण भराव्यात. शिकून आल्यावर कायम पद, वाढीव वेतन आणि अधिकार कायद्याने मिळावेत. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात आठवड्याला एक सांधेविकार बाह्यरुग्ण विभाग चालवा, औषधे मोफत द्या.

आमच्या वस्त्यांतील कितीतरी मुली जीएनएम, बीएस्सी नर्सिंग करून वर्षानुवर्षे इंजेक्शन देण्यात आणि रजिस्टर भरण्यात अडकल्या आहेत. त्यांची बुद्धी कमी नाही, त्यांना पुढची पायरी दिलेली नाही. ती पायरी मागण्यासाठी परिचारिका संघटनांनी आणि चळवळीने आता एकत्र यावे.