‘हकीकत’ पराभव झाकत नाही

चेतन आनंद यांच्या ‘हकीकत’वर (१९६४) एक आक्षेप हमखास घेतला जातो : चीनकडून झालेल्या १९६२ च्या पराभवावर फुंकर घालण्यासाठी काढलेला हा प्रचारपट आहे. चित्रपट अर्पण केलाय जवाहरलाल नेहरूंना आणि लडाखमधल्या जवानांना; खलनायक फक्त चिनी; दिल्लीला जाब कुणीच विचारत नाही. एकदा पाहून उठणाऱ्याला हे पटतं. पुन्हा पुन्हा पाहणाऱ्यापुढे मात्र हा आक्षेप टिकत नाही.

अर्पणपत्रिका बाजूला ठेवून पडद्यावर काय घडतं ते पाहावं. उजाड डोंगरांतल्या चौक्यांवर मूठभर जवान. शत्रू डोळ्यांदेखत वेढा आवळतोय आणि वरचा हुकूम एकच : पहिली गोळी आपण झाडायची नाही. पुढे उरते ती माघार, आणि चित्रपटाचा मोठा भाग या पायपिटीनेच व्यापलाय. जाब विचारण्याची याहून थेट रीत कोणती? ‘बॉर्डर’ने लोंगेवालाचा विजय निवडला, ‘उरी’ने फत्ते झालेली कारवाई. ‘हकीकत’ने हार निवडली, तीही जखम ओली असताना.

ते दिवस आठवावेत. कृष्ण मेनन यांच्या जागी संरक्षणमंत्री झालेल्या यशवंतराव चव्हाणांनी सप्टेंबर १९६३ मध्ये या पराभवाच्या हेंडरसन ब्रुक्स चौकशीचे निष्कर्ष लोकसभेत थोडक्यात सांगितले; मूळ अहवाल सरकारने आजतागायत खुला केलेला नाही. कागद कपाटात बंद होते, तेव्हा अपुरी कुमक आणि बांधलेले हात लोकांनी थिएटरात पाहिले.

चित्रपटात उणिवा आहेतच. चिनी सैनिक ठोकळेबाज आहेत. प्रिया राजवंशची लडाखी अंगमो आणि धर्मेंद्रचा कॅप्टन बहादुरसिंग यांचं प्रेमप्रकरण कथेची गती मोडतं. लडाखमधल्या रेझांग ला इथे १८ नोव्हेंबर १९६२ रोजी मेजर शैतानसिंग यांच्या तुकडीतले शंभराहून अधिक जवान पडले. त्या लढाईचा अचूक वृत्तान्त इथे शोधू नये.

पण आक्षेप घेणाऱ्यांपेक्षा मोठा अन्याय भक्तांनी केलाय. पंधरा ऑगस्टला ध्वनिवर्धकावर मोहम्मद रफींचं शेवटचं गाणं लावलं, की त्यांच्या लेखी चित्रपट संपला. ते गाणं पडद्यावर जवानांच्या प्रेतांवरून फिरतं, हे किती जणांच्या ध्यानात असतं? त्याहून विसरलं गेलंय चौघांचं गाणं : रफी, तलत महमूद, मन्ना डे आणि भूपिंदर. कैफी आझमींचे शब्द, मदनमोहन यांची चाल. थकले-भागले जवान घरच्या माणसांच्या आठवणीने व्याकुळ झालेत. भूपिंदर तर स्वतःच जवान म्हणून पडद्यावर आहेत. वीरश्रीचा एक शब्द नाही, शत्रूला शिवी नाही. आपण जिवंत आहोत हे घरी कुणाला ठाऊक नसेल, एवढीच कळ. युद्धपटाच्या मध्यावर असं गाणं ठेवायला हिंमत लागते, आणि ती चेतन आनंदांनी दाखवली.

पुढे या चित्रपटाची संगणकावर रंगवलेली आवृत्तीही निघाली. तिच्या वाटेला जाऊ नये. लडाखचं ते निर्दय ऊन कृष्णधवलातच अंगावर येतं. वाचकांनी मूळ प्रत मिळवावी, आणि गाण्यांपुरती नव्हे, पहिल्या चौकीपासून अखेरपर्यंत सलग पाहावी.