अंडी उबवणे सोपे, पुढची पंचवीस वर्षे अवघड

जेवून आडव्या झालेल्या माणसाला ‘अजगरासारखा पडलाय’ म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे. अंड्यांवर बसलेली मादी अजगर मात्र त्यातून वगळायला हवी. भारतीय अजगराची मादी अंडी घातली की त्यांच्याभोवती वेटोळे घालते आणि जवळजवळ दोन महिने, बहुधा काही न खाता, तिथून फारशी हलत नाही. हवा गार झाली की ती अंगाचे स्नायू ठरावीक लयीत आकसत राहते. थंडीत माणसाला हुडहुडी भरते आणि त्यातून अंगात ऊब तयार होते, तसाच हा प्रकार. भारतात राहून गेलेल्या लामार-पिको या फ्रेंच प्रवाशाने १८३२ मध्ये ही गोष्ट सांगितली, तेव्हा पॅरिसच्या विद्वानांनी ती उडवून लावली. थंड रक्ताचा प्राणी ऊब आणणार कुठून? पुढे १८४१ मध्ये पॅरिसमध्येच पिंजऱ्यातल्या एका मादीने अंडी घातली, प्राणिशास्त्रज्ञ व्हॅलेन्सिएन यांनी तापमापक लावला आणि प्रवाशाचे म्हणणे खरे निघाले. १९६६ मध्ये न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयातील नोंदींनी तर अशी मादी भोवतालच्या हवेपेक्षा सुमारे ७ अंशांनी अधिक गरम राहू शकते, हेही दाखवून दिले.

हौसेने अजगर पाळणारे लोक पहिल्यांदा अंडी उबवायला घेतात, तेव्हा याच आईला बाजूला सारून तिचे काम एका खोक्याकडे सोपवतात. जगभर सर्वाधिक पाळला जाणारा अजगर म्हणजे पश्चिम आफ्रिकेतील घाना, टोगो, बेनिन या पट्ट्यातला बॉल पायथन. घाबरला की डोके मध्ये लपवून चेंडूसारखा गोळा होतो, म्हणून हे नाव. चार-साडेचार फुटांचा, शांत, बिनविषारी. मादी एका वेळी साधारण सहा अंडी घालते. ती भारतीय अजगरासारखी स्नायू आकसून ऊब निर्माण करत नाही; पण तिच्या घट्ट वेटोळ्यामुळे अंडी सुकत नाहीत, हे अभ्यासांतून दिसले आहे. तरीही बहुतेक पाळणारे अंडी काढून घेतात. कारण सरळ आहे. अंड्यांवर बसलेली मादी खात नाही, आणि खाल्ले नाही तर ती पुढच्या हंगामाला तयार होत नाही.

खोक्यातली उबवणी तशी अवघड नाही. झाकणाच्या डब्यात ओलसर व्हर्मिक्युलाइट, तापमान ३१ ते ३२ अंश सेल्सिअस, हवेत भरपूर दमटपणा आणि ५५ ते ६० दिवसांचा धीर. चुका होतात त्या बहुतेक माणसाच्या हातांनी. आपल्याकडे घरात कधीतरी खुडूक कोंबडी बसवलेली असते, आणि कोंबडी चोचीने अंडी फिरवत राहते हे पाहिलेले असते. तोच धडा इथे लावला तर पिल्लू मरते. सापाच्या अंड्यात गर्भ पहिल्या एक-दोन दिवसांतच कवचाच्या आतल्या बाजूला चिकटतो. अंडे उलटे झाले तर तो बलकाखाली दबू शकतो आणि नाजूक पडदे फाटतात. म्हणून अंडे उचलण्याआधी वरच्या बाजूला पेन्सिलीने खूण करायची आणि ते तसेच ठेवायचे. एकमेकांना चिकटलेली अंडी ओढून सोडवायची नाहीत. अंधारात टॉर्च धरली की आत लाल शिरांचे जाळे दिसते; दिसले की पुन्हा पुन्हा पाहायची गरज नसते.

खरी परीक्षा शेवटच्या दोन आठवड्यांत असते. टपोरी अंडी चेपायला लागतात, खळगे पडतात. हे नैसर्गिक असते, पण नवखा माणूस हमखास घाबरतो आणि अंड्यांवर पाणी शिंपडतो. ते ओले कवच आणि त्यावर चढणारी बुरशी पिल्लाला त्रासदायक ठरते. वीज गेली तर? डब्याभोवती पाण्याच्या भरलेल्या बाटल्या ठेवल्या असतील तर ऊब काही तास टिकते. थोडा गारवा अंडी सहसा सोसतात. थर्मोस्टॅट बिघडून पारा ३५च्या वर गेला तर मात्र वाकड्या कण्याची पिल्ले निघतात किंवा निघतच नाहीत. तेव्हा खर्च करायचाच तर दिखाऊ पेटीपेक्षा चांगल्या थर्मोस्टॅटवर करावा.

शेवटी पिल्लू तोंडावरच्या इवल्या दाताने कवच चिरते, नाक बाहेर काढते आणि तसेच बसते. एक दिवस, कधी दोन दिवस. उरलेला बलक ते या काळात अंगात ओढून घेत असते. नेमक्या याच वेळी अनेक जण कात्री घेऊन कवच कापायला बसतात. पिल्लू अडकले असेल म्हणून, असे सांगतात. पुष्कळदा कारण वेगळे असते. आत कोणत्या रंगाचे पिल्लू आहे, हे लवकर पाहायचे असते.

रंग हाच या छंदाचा कणा झाला आहे. पिवळे, पांढरे, ठिपक्यांचे, जाळीदार असे शेकडो प्रकार निवडक जोड्या लावून तयार झाले, आणि प्रत्येकाला बाजारभाव आहे. त्यातला ‘स्पायडर’ हा नाजूक जाळीच्या नक्षीचा प्रकार दिसायला देखणा. पण त्याच्या डोक्याला कंप सुटतो, काहींना भक्ष्यावर नीट झडपही घालता येत नाही. तोल सांभाळणाऱ्या आतल्या कानाची रचनाच या सापांत बिघडलेली असल्याचे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले. तरीही अशा जोड्या लावणारे आहेत. नक्षी हवी म्हणून आंधळे डोळे मिटून घेण्याला छंद म्हणणे कठीण आहे.

पण समजा, पिल्ले धडधाकट निघाली. सहा. बॉल पायथन नीट सांभाळला तर २० ते ३० वर्षे सहज जगतो. म्हणजे एका डब्यातून दीडशे वर्षांची जबाबदारी बाहेर पडली. अमेरिकेतील सेंट लुईस प्राणिसंग्रहालयात १९६१ मध्ये एका व्यक्तीने पाळलेली बॉल पायथन मादी आणून दिली होती. २०२० मध्ये, वयाची साठी ओलांडल्यावर, तिने सात अंडी घातली. पंधराहून अधिक वर्षे तिचा कोणत्याही नराशी संबंध आलेला नव्हता. नराविना अंडी कशी, यावर जगभर बातम्या झाल्या. त्याच बातमीत दुसरी गोष्टही होती: ज्याने तो साप पाळला, त्याच्यानंतर जवळपास साठ वर्षे दुसऱ्यांनी तो सांभाळला.

सगळ्यांना असा वारस मिळत नाही. कंटाळलेल्या मालकांनी सोडलेल्या आणि निसटलेल्या बर्मी अजगरांनी फ्लोरिडाच्या एव्हरग्लेड्स दलदलीत जम बसवला. २०१२ च्या अभ्यासानुसार, जिथे ते सर्वांत आधी रुजले त्या भागात रॅकून दिसण्याचे प्रमाण ९९ टक्क्यांनी घटले होते.

मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या सामानात बॉल पायथन सापडल्याच्या बातम्या महाराष्ट्राला आता नव्या नाहीत, म्हणजे इथेही गिऱ्हाईक आहे. कायदा दोन बाबतींत वेगळा आहे, हे मात्र अनेकांना माहीत नसते. भारतीय अजगर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. तो पाळणे किंवा त्याची अंडी घरी आणणे हा गुन्हा आहे. शेतात वा विहिरीजवळ अंडी दिसली तर वन विभागाला कळवावे. बॉल पायथन २०२२ च्या दुरुस्तीनंतर चौथ्या अनुसूचीत येतो. तो बाळगणाऱ्याने नोंदणी करायची असते, आणि पिल्ले झाली किंवा प्राणी मेला तरी कळवायचे असते. कागद नसलेल्या सापाच्या पिल्लांनाही कागद नसतो, मग ती हातोहात, गुपचूप जातात.

घरातल्या माणसांचाही विचार हवा. निरोगी दिसणाऱ्या सापाच्या आतड्यातही साल्मोनेला जिवाणू असू शकतात. ते विष्ठेतून कातडीवर, डब्यावर, हातावर येतात. मोठ्यांना जुलाब-ताप होऊन भागते. पाच वर्षांखालील मुले, वृद्ध आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांत संसर्ग रक्तात पसरू शकतो. अशा घरात साप नसलेलेच बरे. इतरत्रही साप हाताळल्यावर साबणाने हात धुणे आणि त्याचे डबे स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये न धुणे एवढे तरी पाळायलाच हवे.

म्हणून निर्णय घ्यायची वेळ अंडी दिसल्यावरची नाही, नर आणि मादी एका पिंजऱ्यात सोडण्याआधीची आहे. सहा पिल्लांना सहा घरे ठरलेली आहेत का, सापांवर उपचार करणारा पशुवैद्य जवळ आहे का, नोंदणी झाली आहे का, यातल्या एकालाही ‘बघू नंतर’ असे उत्तर असेल तर जोडी लावू नये. एकत्र ठेवलेल्या सापांना अनपेक्षितपणे अंडी झालीच, तर ती उबवलीच पाहिजेत असेही नाही. पशुवैद्याला विचारून पहिल्या एक-दोन दिवसांत ती गोठवता येतात. वाईट वाटते, पण पहिली कात टाकून झाल्यावर महिनाभर उंदराच्या पिल्लाला तोंड न लावणारे, घर न मिळालेले चिमुकले अजगर एकेका डब्यात बसलेले पाहणे त्याहून वाईट असते.