एक टीबी, पण कशासाठी?

जानेफळ-डोणगावकडून आलेलं गिऱ्हाईक मेहकरच्या दुकानात शिरतं आणि काउंटरवर हात ठेवून विचारतं, "एक टीबी कितीला बसेल?" आपण भाव सांगतो, थोडी घासाघीस होते, डिस्क पिशवीत जाते. तिच्यावर काय ठेवणार, हे दोघांपैकी कुणीच बोलत नाही.

सेतू केंद्रवाल्यांचं सोपं आहे. जुना संगणक, दाखले, स्कॅन केलेल्या पीडीएफ. साठा थोडा, घाई फार. त्यांना २५६ जीबीची साटा एसएसडी पुरते. ७२०० आरपीएमच्या डिस्कची तबकडी एका फेरीला ८.३ मिलिसेकंद घेते, हेड सरकायचा वेळ वेगळा. एसएसडीत फिरणारं काहीच नाही, म्हणून जुनं यंत्रही तरतरीत होतं. एनव्हीएमई देण्याआधी मात्र मदरबोर्डचं मॅन्युअल उघडा. एम.२ चे काही स्लॉट फक्त साटाच ओळखतात.

खरी गल्लत फोटो स्टुडिओवाल्यांच्या बाबतीत होते. एडिटिंगला एनव्हीएमई द्या, खुशाल द्या. पण वर्षानुवर्षं कपाटात पडून राहणारी लग्नं एसएसडीवर ठेवायला सांगू नका. वीज नसताना तिच्यातला विद्युतभार हळूहळू गळतो. जेडेकच्या मानकानुसार लेखनमर्यादा गाठलेल्या साध्या एसएसडीने ३० अंश तापमानात, बंद अवस्थेत, एक वर्ष डेटा सांभाळावा एवढीच अपेक्षा आहे. नवी डिस्क याहून बरीच तग धरते, हे खरं. पण आपल्या मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत ३० अंश म्हणजे गारवाच म्हणायचा! शिवाय चुकून फाइल उडाली, तर ट्रिममुळे ती परत मिळणं जवळजवळ अशक्य. साठवणीला फिरती डिस्कच बरी, आणि एक नव्हे, दोन. दुसरी स्टुडिओत नको, घरी.

सीसीटीव्हीबद्दल थोडं कडू बोलतो. डेस्कटॉपमधून काढलेली जुनी डिस्क डीव्हीआरमध्ये बसवून "चालते की" म्हणणारे आपल्यातच आहेत. चालते, चोरी होईपर्यंत. डीव्हीआर रात्रंदिवस लिहीत असतो. चूक आली की साधी डिस्क पुन्हा पुन्हा प्रयत्न करत अडते आणि तेवढं चित्रण सुटू शकतं. सर्व्हेलन्सची डिस्क फार न रेंगाळता पुढे सरकते.

नॅस लावणाऱ्यांनी खोक्यावरच्या नावावर जाऊ नये. वेस्टर्न डिजिटलच्या 'रेड' मालिकेतल्या काही डिस्क एसएमआर पद्धतीच्या आहेत, हे २०२० मध्ये उघड झालं. लागोपाठ भरपूर लिहायची वेळ आली की अशी डिस्क मंदावते. नॅसला सीएमआरच घ्यावी.

आणि लाईट. अचानक वीज गेली की स्वस्त एसएसडीचा आतला हिशेब विस्कटू शकतो. मग डिस्क कधी बायोसमध्येही दिसत नाही. यूपीएस सुचवायला लाजू नका.

बिलावर नुसतं '१ टीबी हार्डडिस्क' लिहू नका. मॉडेल नंबर पूर्ण लिहा, सिरियल नंबरही. वॉरंटीत बदलून द्यायच्या वेळी भांडण पेटतं ते त्याच एका ओळीवरून.