रुपया तोलून घ्या

आमच्या गोवंडीच्या वस्तीत एक निवृत्त सफाई कामगार राहतात. मुले त्यांना ‘नाणेवाले मामा’ म्हणतात. भोकाचा पैसा, ढब्बू पैसा, चौकोनी दोन आणे असा त्यांचा जन्मभराचा ठेवा आहे.

गेल्या महिन्यात मामा आमच्याकडे आले. कागदाच्या पुडीत १९३९ सालचा राजाछाप रुपया होता. एका फिरत्या विक्रेत्याला पेन्शनमधले चार हजार देऊन घेतलेला. “भाऊ, नातीच्या अकरावीच्या प्रवेशाला हा काढू. दहापट येतील,” मामा म्हणाले.

आम्ही बीकॉम. हिशेब कळतो, धातू कळत नाही. म्हणून शेजारच्या आक्कांना हाक मारली. आक्कांनी देवनारच्या डम्पिंगवर वीस वर्षे भंगार वेचले आहे. त्यांनी आधी लोहचुंबक लावले. रुपया चिकटला नाही. मामांचा चेहरा खुलला. पण आक्कांनी रुपया उभा धरून कड पाहिली. घासलेल्या जागी पिवळे दिसत होते. “मामा, हे पितळ आहे. वरून चांदीचे पाणी दिलंय.” सोनाराच्या काट्यावर वजन भरले साडेनऊ ग्रॅम. मामा पुडी बांधून निघून गेले.

या रुपयाचे खरे वजन किती? १८३५ च्या कायद्याने रुपया १८० ग्रेनचा ठरला, त्यात १६५ ग्रेन शुद्ध चांदी. म्हणजे जुना एक तोळा, आजचे ११.६६ ग्रॅम. बाबासाहेबांचा ‘प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा ग्रंथ १९२३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. त्यात या रुपयाचा इतिहास त्यांनी तपशिलाने मांडला आहे. १९४० पासून रुपयातली चांदी निम्म्यावर आली. त्याआधीचा १९३९ चा रुपया फार थोडा मिळतो, म्हणून संग्राहक त्याला मोठी किंमत देतात. नकली बनविणाऱ्यांचे लक्ष नेमके त्याच्यावर असते. कोणी साचा करून ओततो, तर कोणी दुसऱ्या सालच्या खऱ्या रुपयावरचा आकडाच कोरून बदलतो. शिवकालीन सोन्याच्या होनाचेही असेच नकली नमुने फिरतात.

पारख कशी करावी? लोहचुंबकाला चिकटला तर तो चांदीचा नव्हेच. पण न चिकटला म्हणून खरा ठरत नाही, कारण पितळही चिकटत नाही. म्हणून वजन करावे. पितळ चांदीपेक्षा हलके, तेवढ्याच आकारात दोन ग्रॅम कमी भरते. झिजलेला रुपया थोडा कमी भरेल, पण एवढा नाही. मग भिंग घेऊन पाहावे. टांकसाळीत नाणे ठशाने ठोकतात, त्यामुळे अक्षरे रेखीव उठतात. ओतलेल्या नाण्यावर बारीक छिद्रे, बोथट अक्षरे आणि कधी कडेला साच्याची रेघ दिसते. सालाच्या आकड्याभोवती खरवडल्याची खूण आहे का तेही पाहावे. आणि घरचे जुने नाणे चिंचेने घासू नये. त्याने त्याची किंमत उतरते.

दुसरी फसवणूक खऱ्या नाण्यावर चालते. बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीनिमित्त १९९० साली एक रुपयाचे नाणे निघाले. १२५ व्या जयंतीनिमित्त २०१५ साली दहा रुपयांचे निघाले. आपल्या घराघरांत ती जपलेली आहेत. “हे नाणे लाखाला घेतो, आधी नोंदणीचे पैसे पाठवा,” असा फोन आला तर ठेवून द्यावा. ही नाणी चलनासाठी मोठ्या संख्येने पाडली होती, त्यांना लाख कोण देणार? रिझर्व्ह बँकेच्या नावाने कमिशन मागितले जाते. अशा व्यवहारांशी आपला संबंध नाही आणि आपण कधीही शुल्क मागत नाही, असे त्या बँकेने ४ ऑगस्ट २०२१ रोजी जाहीर केले आहे.

“खोदकामात सोन्याची नाणी सापडली, स्वस्तात देतो” म्हणणाऱ्यापासूनही सावध राहावे. पहिले नाणे खरे दाखवतात, नंतर पिशवीभर पितळ गळ्यात मारतात. जमिनीत सापडलेल्या धनाची खबर कलेक्टरला द्यावी, असा १८७८ पासूनचा कायदा आहे. ते गुपचूप विकत घेणारा स्वतःच अडचणीत येतो.

नाणी जमविणे हा चांगला छंद आहे. मुलांना त्यातून इतिहास कळतो. नाशिकजवळ अंजनेरीला नाण्यांचे संग्रहालय आहे, सहल काढून मुलांना दाखवावे. पण फीचे, औषधाचे, भाड्याचे पैसे नाण्यात घालू नयेत. घेतलेच तर दुकानदाराकडून पावती घ्यावी, आणि तोलल्याशिवाय पैसे मोजू नयेत.

नातीच्या फीसाठी वस्तीतल्या मंडळींनी वर्गणी काढली, प्रवेश झाला. मामांनी तो पितळी रुपया फेकला नाही. एका डबीत ठेवला आहे. कोणी जुने नाणे घेऊन आले की आधी तो हातात देतात आणि म्हणतात, “हा बघ, मग आक्कांकडे जा.”