इंजिन बसलं, गाडी उभी: जुन्या कारमध्ये दुसरं इंजिन टाकावं का?

समजा तुमच्याकडे २०१२ ची वॅगनआर आहे. सव्वा-दीड लाख किलोमीटर झालेत, कर्ज कधीच फिटलंय, ऑफिसला जायला-यायला रोज चाळीस किलोमीटर ती बिनबोभाट चालते. मग एक दिवस काटा लालवर जातो, मागून निळा धूर येतो आणि गॅरेजवाला हात पुसत सांगतो, "साहेब, इंजिन गेलंय. दुसरं टाकू, साठ हजारांत करून देतो."

नेमकी याच वेळी नवी गाडीही स्वस्त झाली आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. पेट्रोल गाडीचं इंजिन १२०० सीसीपर्यंत आणि लांबी चार मीटरपर्यंत असेल, तर हा फायदा मिळतो. त्या वेळी मारुतीने अल्टो के१० ची सुरुवातीची एक्स-शोरूम किंमत ३ लाख ६९ हजार ९०० रुपये जाहीर केली. एकीकडे साठ हजार, दुसरीकडे पावणेचार लाख. वरवर पाहता साठ हजारच बरे वाटतात. पण या हिशेबात दोन गोष्टी धरलेल्याच नाहीत. एक म्हणजे आरसी बुकावरचा इंजिन नंबर. दुसरी म्हणजे गाडीचं वय, जे इंजिन बदलल्याने एका दिवसानेही कमी होत नाही.

'इंजिन गेलं' म्हणजे नेमकं काय गेलं?

सुरुवात इथून करायला हवी, कारण 'इंजिन गेलं' हे निदान नाही. निळा धूर म्हणजे ऑईल जळतंय. पांढरा, दाट, गोडसर वासाचा धूर म्हणजे कूलंट आत शिरतंय. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, आणि त्यासाठी तर इंजिन उघडायचीही गरज नसते. ऑईलच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसली तर बहुतेक हेड गॅस्केट उडालंय. त्यासाठी हेड उतरवून, लेथवाल्याकडून ते सपाट करून, नवं गॅस्केट टाकून काम भागू शकतं.

म्हणून गॅरेजवाल्याला आधी कॉम्प्रेशन टेस्ट करायला सांगा. प्रत्येक सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतोय हे मोजायचं, मग सिलिंडरमध्ये थोडं ऑईल सोडून पुन्हा मोजायचं. दाब वाढला तर रिंग-पिस्टन झिजलेत. नाही वाढला तर दोष व्हॉल्व्हकडे किंवा गॅस्केटकडे आहे. ही टेस्ट न करता कुणी थेट इंजिन बदलायला सांगत असेल, तर दुसरं गॅरेज बघा.

रिंग-पिस्टन झिजले असतील तर 'इंजिनचं काम' काढता येतं. ब्लॉक बोअर करायचा, मोठ्या मापाचे पिस्टन टाकायचे, बेअरिंग, सील, टायमिंग चेन बदलायची. यात एक फायदा असा आहे, जो गॅरेजवाला सहसा सांगत नाही. इंजिन नंबर ब्लॉकवर कोरलेला असतो. ब्लॉक तोच राहिला तर नंबर तोच राहतो आणि आरटीओची पायरी चढायची वेळ येत नाही. ब्लॉकलाच तडा गेला असेल किंवा कनेक्टिंग रॉडने ब्लॉक फोडला असेल, तरच दुसरं इंजिन हा पर्याय खऱ्या अर्थाने समोर येतो.

ई२० मुळे इंजिन बदलायचं का?

हा प्रश्न २०२५ च्या ऑगस्टपासून फार विचारला जातोय. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आलं आणि जुन्या गाड्यांचे मालक घाबरले. भीती अगदीच निराधार नाही. लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, त्यामुळे मायलेज पडतं. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच म्हटलंय की, मूळ शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि ई१० साठी जुळवलेल्या चारचाकीत ई२० वापरल्यास मायलेज अंदाजे ६ ते ७ टक्क्यांनी घटतं. शिवाय इथेनॉल पाणी शोषून घेतं आणि जुन्या प्रकारच्या रबराला ते मानवत नाही.

पण हा त्रास मुख्यतः इंधनाच्या मार्गातला आहे. पाईप, सील, गॅस्केट, पेट्रोल पंप. काही जुन्या गाड्यांत रबरी भाग बदलावे लागू शकतात, हे सरकारनेही मान्य केलंय. पाईप बदलायचा सोडून इंजिन बदलणं म्हणजे नळ गळतोय म्हणून घर पाडण्यासारखं आहे. आणि जुन्या गाडीत त्याच काळातलं दुसरं जुनं इंजिन टाकलं, तर तेही ई२० साठी बनलेलं नसणारच.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ सांगतं की, कंपनीने मुळात ठरवलेल्या तपशिलापेक्षा आरसीवरचा तपशील वेगळा होईल असा बदल मालकाला करता येणार नाही. आरसीवर काय असतं? इंजिन नंबर, सीसी, सिलिंडर, इंधन. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात हेच कलम कडक अर्थाने वाचलं.

याचा सरळ अर्थ असा की, त्याच कंपनीचं, त्याच प्रकारचं इंजिन हवं आणि आरटीओची परवानगी आधी हवी. परवानगीशिवाय इंजिन बदलण्याची मुभा कायद्यात आहे, पण ती किमान दहा व्यावसायिक वाहनं असलेल्या मालकांसाठी, राज्य सरकारने तशी अधिसूचना काढली तर. घरची एक गाडी असणाऱ्याला ती लागू नाही. बदल झाल्यावर १४ दिवसांत आरटीओला कळवून आरसीवर नवा नंबर चढवून घ्यायचा. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचीही संमती लागते.

इथेच एक लाडकी कल्पना निकालात निघते: "टाकतोच आहे तर मोठं टाकू." जुन्या अल्टोत ७९६ सीसीचं एफ८डी इंजिन होतं. त्याच बॉनेटखाली ९९८ सीसीचं के१०बी बसवणारे हौशी कारागीर आहेत. बसतंही. पण सीसी बदललं, वायरिंग बदललं, ईसीयू बदलला, माउंटिंग नव्याने जोडलं. आरसीशी काहीच जुळत नाही. परवानगी नसलेल्या अशा बदलासाठी कलम १८२अ खाली मालकाला प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. रोज ऑफिसला न्यायच्या गाडीत ही हौस परवडणारी नाही. वॅगनआरबाबतही जपून. २०१० च्या आधीच्या गाडीत १०६१ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन होतं, नंतरच्यात ९९८ सीसीचं तीन सिलिंडरचं. नाव एकच असलं तरी इंजिन वेगळं आहे.

"कोण बघतंय?" असं म्हणणाऱ्यांसाठी: महाराष्ट्रात १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबरप्लेट सक्तीची झाली, तेव्हा ऑनलाइन अर्जातच चासी आणि इंजिन नंबरचे शेवटचे पाच अंक मागितले जात होते. नोंदणीचं नूतनीकरण, मालकी हस्तांतरण, विम्याचा दावा, या प्रत्येक ठिकाणी तो नंबर पुन्हा पुढे येतो. अपघातात कुणी जखमी झालं आणि आरसीवरचं इंजिन वेगळं निघालं, तर विमा कंपनीला वाद घालायला आयतं कारण मिळतं.

इंजिन येतं कुठून?

बहुतेक वेळा दुसऱ्या गाडीतून. मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडची दुकानं त्यासाठी प्रसिद्ध आहेत. अपघातात निकामी झालेल्या गाडीचं इंजिन चांगलं असू शकतं, यात शंका नाही. पण ते किती चाललंय हे सांगणारा मीटर त्या गाडीबरोबरच गेलेला असतो. "साठ हजार किलोमीटर चाललेलं आहे" हे वाक्य तपासण्याचा मार्ग तुमच्याकडे नसतो. ते पुराच्या पाण्यात बुडालेल्या गाडीचं असू शकतं. चोरीच्या गाडीचंही असू शकतं, आणि ते ठाऊक असून किंवा तसं मानायला कारण असूनही घेतलं तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ चा संबंध येतो.

म्हणून दुकानदाराकडे इंजिन नंबर लिहिलेलं जीएसटी बिल आणि ज्या गाडीतून ते काढलं तिच्या रद्द झालेल्या नोंदणीची प्रत मागा. ही कागदपत्रं नसतील तर आरटीओही पुढे सरकणार नाही. कंपनीकडून मिळणारा ब्लॉक-क्रँक-पिस्टनचा तयार संच महाग असतो, पण त्याचा उगम स्वच्छ असतो. त्यातही ब्लॉक बदलतोच, तेव्हा नंबरची नोंद टळत नाही.

डिझेल स्विफ्टवाल्यांची गोष्ट थोडी वेगळी. फियाटच्या परवान्यावर बनलेलं १२४८ सीसीचं ते इंजिन मारुतीने स्विफ्ट, डिझायर, रिट्झमध्ये टाकलं आणि तेच मूळ इंजिन आपल्या रांजणगावच्या कारखान्यातही तयार होत होतं. २०२० मध्ये बीएस-६ आलं आणि मारुतीने डिझेल बंदच केलं. सुटे भाग मिळतात, कारागीर हुशार आहेत. पण टर्बो, इंजेक्टर, पंप यांचा खर्च पेट्रोल गाडीशी तुलना करण्यासारखा नाही. इथे मोठ्या खर्चाला मी तरी लवकर नाही म्हणेन.

नवं इंजिन, पण वय तेच

खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची. त्यानंतर तपासणी करून पाच-पाच वर्षांनी वाढवायची. १५ वर्षांनंतरच्या नूतनीकरणाला कारसाठी ५ हजार रुपये शुल्क आहे, आणि ऑगस्ट २०२५ च्या नियमांनुसार २० वर्षांपेक्षा जुन्या कारसाठी १० हजार. महाराष्ट्रात पर्यावरण कर वेगळा. २०१२ च्या गाडीचं पुस्तक २०२७ मध्ये संपतं. म्हणजे आज साठ हजार घालून वर्षा-दोन वर्षांत पुन्हा तपासणीला उभं राहायचं.

दिल्लीत तर पंधरा वर्षांच्या पेट्रोल आणि दहा वर्षांच्या डिझेल गाड्यांवरून वर्षानुवर्षं वाद चाललाय. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये अशा गाड्यांवर कारवाई न करण्याचा दिलासा दिला आणि डिसेंबरमध्ये तो बीएस-४ व त्यापुढच्या गाड्यांपुरता ठेवला. तिथे मोजलं जातं ते गाडीचं वय आणि तिचं मूळ मानक, बॉनेटखाली काल काय बसवलं ते नाही. महाराष्ट्रात अशी बंदी नाही. मात्र मुंबई महानगर प्रदेशात पेट्रोल-डिझेल गाड्यांवर बंदी घालता येईल का, हे तपासायला राज्य सरकारने जानेवारी २०२५ मध्ये सात जणांची समिती नेमली होती. ठाणे-कल्याणच्या माणसाने पुढच्या आठ वर्षांचा हिशेब करताना हे डोक्यात ठेवावं. साताऱ्याच्या माणसाला तेवढी घाई नाही.

आता पैशाचा हिशेब

अल्टोसारख्या गाडीसाठी साडेतीन लाखांचं कर्ज, ९.५ टक्के व्याज, पाच वर्षं धरू. हप्ता येतो साधारण ७,३५० रुपये. म्हणजे साठ हजारांचं काम जवळपास आठ हप्त्यांएवढं. शिवाय महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल कारवर ११ टक्के कर, म्हणजे आणखी चाळीस हजारांच्या आसपास, आणि वर विमा. इथपर्यंत जुनी गाडी स्पष्ट पुढे आहे.

पेट्रोलचं काय? इथे बहुतेक जण चुकीची तुलना करतात. बिघडलेल्या इंजिनाचं मायलेज नव्या गाडीशी ताडून बघतात. तुलना दुरुस्त झालेल्या इंजिनाशी हवी. वर्षाला १२ हजार किलोमीटर, दुरुस्तीनंतर १६ चं मायलेज आणि नव्या गाडीचं २० चं धरलं, तर फरक १५० लिटरचा. लिटरला १०४ रुपये धरले तर वर्षाला १५,६०० रुपये वाचतील. दोन हप्तेच फक्त. रोज शंभर किलोमीटर जाणाऱ्याचं गणित मात्र उलटं फिरू शकतं. त्याने सीएनजीचाही विचार करावा, पण किट मंजुरी असलेलं आणि आरसीवर नोंद करूनच.

विमा या खर्चात मदत करत नाही. झिजून बंद पडलेलं इंजिन साध्या सर्वसमावेशक पॉलिसीत बसत नाही. दुसरीकडे गाडी भंगारात काढायची तर नोंदणीकृत केंद्रातच काढा. तिथे मिळणाऱ्या प्रमाणपत्रावर नव्या गाडीच्या करात सवलत मिळते.

माझं मत विचाराल तर: ब्लॉक शाबूत असेल, गाडीचं पुस्तक अजून तीन-चार वर्षांचं असेल आणि काम ओळखीच्या कारागिराकडे होणार असेल, तर इंजिनचं काम काढा, इंजिन बदलू नका. ब्लॉक फुटला असेल आणि पुस्तकाला दोन वर्षंही उरली नसतील, तर गाडी आहे तशी विका. मधल्या परिस्थितीत हिशेब ठरतो तो बाकीच्या गाडीवर: क्लच, सस्पेन्शन, टायर, एसी. यातलं दोन-तीन काही जवळ आलं असेल, तर साठ हजारांचे लाख होतात.

आणि अॅडव्हान्स देण्याआधी गाडी एकदा लिफ्टवर चढवून खालून बघा. विशेषतः रत्नागिरी, मालवण, अलिबागकडे खाऱ्या हवेत राहिलेली गाडी असेल तर. चासीच्या कडा, सस्पेन्शन जिथे बसतं ती जागा, दारांखालचा पत्रा स्क्रूड्रायव्हरने टोचून बघायला सांगा. टोक आत गेलं, तर इंजिनची चौकशी तिथेच थांबवा.