सहलीची बस कागजीपुऱ्यात का थांबत नाही?

डिसेंबर उजाडला की शिक्षकांच्या खोलीत सहलीचा तक्ता फिरू लागतो. सकाळी दौलताबाद, वाटेत खुलताबाद, दुपारी वेरूळ आणि अंधार पडायच्या आत परत. औरंगाबादहून, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरहून, एका दिवसात होणारी ही सहल. इतक्या वर्षांत हा रस्ता मला पाठ झाला आहे. पण एका मुलाच्या प्रश्नामुळे तो मला पुन्हा बघावा लागला.

आम्ही सातवीची मुलं घेऊन दौलताबादचा किल्ला उतरत होतो. मुलांनी अंधारी बघितली, मेंढा तोफेवर हात फिरवला, चांदमिनारसमोर फोटो काढले. वाटाड्यानं सगळी कथा सांगितली. यादवांची देवगिरी, १२९६ सालची अल्लाउद्दीन खिलजीची स्वारी, मग १३२७ च्या सुमारास दिल्लीहून राजधानी इथे आणणारा मुहम्मद तुघलक. तुघलकाचं नाव आलं तशी मुलं हसली, कारण 'वेडा तुघलक' त्यांनी आधीच ऐकलेला होता. बसमध्ये चढताना एक मुलगा हळूच म्हणाला, "टीचर, अपने लोगां खाली लडाईच करते थे क्या?"

मी त्याला काहीतरी उत्तर दिलं. आता आठवत नाही, म्हणजे ते चांगलं नसणार. खरं उत्तर थोड्याच वेळात खिडकीबाहेरून निघून गेलं. दौलताबाद आणि खुलताबादच्या मध्ये कागजीपुरा हे गाव लागतं. आमची बस तिथे थांबली नाही, कारण ती कधीच थांबत नसे.

कागजी म्हणजे कागद करणारे. तुघलकाच्या काळात दिल्लीहून जी माणसं इकडे आली त्यांत सूफी होते, आलिम होते, कारकून होते आणि कारागीरही होते. आपले पूर्वज त्यांच्यातलेच, असं कागजीपुऱ्यातली माणसं पिढ्यानपिढ्या सांगत आली आहेत. राजधानी काही वर्षांत दिल्लीला परत गेली. कागदाचं काम मात्र इथेच राहिलं. जुन्या मराठी कागदपत्रांचा अभ्यास करणाऱ्यांना 'दौलताबादी' कागद हे नाव अनोळखी नाही.

मी मराठी आणि उर्दू दोन्ही शिकवते. मराठीच्या तासाला फळ्यावर पाच शब्द लिहिते : कागद, शाई, दौत, कलम, दफ्तर. हे पाचही अरबी-फारसीतून मराठीत आले आणि इतके मुरले की आज कुणाला ते परके वाटत नाहीत. शब्द आले ते वस्तूंबरोबर, आणि वस्तू आल्या त्या हातांबरोबर. समर्थ रामदासांनी दासबोधात लेखनावर एक अख्खा समास लिहिला आहे. मोडीत लिहिलेले हुकूम, जमाखर्च, पत्रं, पोथ्या हे सगळं कुणीतरी केलेल्या कागदावरच उतरलं. त्या कागदाच्या कडेला करणाऱ्याचं नाव नसतं. लिहिणारा आठवतो, लिहवून घेणारा त्याहून जास्त आठवतो.

पुढच्या वर्षी मी तक्त्यात पाऊण तास मागितला. "तिथे बघायला काय आहे?" असं विचारलं गेलं. तरी बस थांबली. मुलांनी सुती चिंध्यांचा लगदा पाण्याच्या हौदात ढवळलेला बघितला. कारागिरानं साचा तिरका बुडवून सपाट वर उचलला, पाणी निथळलं आणि जाळीवर ओला पातळ थर राहिला. तो कापडावर उलटवायचा, थरावर थर रचून दाबून पाणी काढायचं, मग वाळवायचं. पूर्वी बरूनं लिहिताना शाई फुटू नये म्हणून वाळलेला कागद गुळगुळीत दगडानं घोटत. घोटीव कागद म्हणतात तो हाच. एका मुलीनं साचा उचलला आणि थर एका बाजूला गोळा झाला. कारागीर हसून म्हणाले, "होता है बेटा, फिर डुबाव." पन्नास मुलं एकदम गप्प झालेली मी किल्ल्यावर कधी बघितली नाहीत.

दुपारी वेरूळला कैलास लेण्यासमोर उभे असताना त्याच मुलीनं विचारलं, "हे कुणी केलं?" मी राष्ट्रकूट राजा पहिल्या कृष्णाचं नाव सांगितलं. ती म्हणाली, "नाही टीचर, छिन्नी कुणी चालवली?" त्याचं उत्तर कुणाकडेच नाही. सकाळी साचा हातात धरला नसता तर हा प्रश्न तिला पडला असता असं मला वाटत नाही.

यात दोष फक्त शाळांचा नाही. आपण दर्ग्याला, उरुसाला खुलताबादला सहकुटुंब जातो, तेव्हा आपली गाडीही कागजीपुऱ्यावरून सरळ पुढे जाते. बादशहांवरून वाद घालायला आपल्याला वेळ असतो, कागज्यांकडून चार कागद घ्यायला नसतो. कुणी शिवी दिली की आपण बादशहाची बाजू घेतो, कुणी कौतुक केलं की छाती फुगवतो. पण आपल्यातले बहुतेक जण बादशहांच्या घरातले नाहीत. आपण विणकर, पिंजारी, बागवान, आतार, कागजी यांची लेकरं आहोत. ही वंशावळ सांगायला लाज वाटण्याचं कारण नाही आणि तिच्यावर कुणाला भांडताही येणार नाही.

हाताच्या कागदाला आता गिऱ्हाईक कमी आणि मेहनत तेवढीच. कौतुकानं चूल पेटत नाही, हे मला कळतं. तरी शाळेनं प्रमाणपत्रांसाठी, घरानं लग्नाच्या पत्रिकेसाठी शंभर कागद घेतले, तर तो हौद आणखी काही दिवस भरलेला राहील.

म्हणून शिक्षक मित्रांनो, तक्ता असा करा. ऊन चढायच्या आत किल्ला, मग कागजीपुरा, मग खुलताबाद, आणि दुपारनंतर वेरूळ. लेणी पश्चिमेकडे तोंड करून आहेत, त्यामुळे तेव्हा उजेडही चांगला मिळतो. फक्त मंगळवार टाळा, त्या दिवशी लेणी बंद असतात. आणि बसवाल्याला निघतानाच सांगून ठेवा की मध्ये पाऊण तास थांबायचं आहे.

त्या मुलाला तेव्हा द्यायचं राहिलेलं उत्तर मी आता दर वर्षी तिथे नेऊन देते. तो स्वतः मात्र तोवर शाळा सोडून गेला होता.